महिनाभर आराम

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला आलेला पाहुणा उठताना म्हणतो, "आराम कर." म्हणजे पडून राहा. चार दिवसांनी तोच पाहुणा वाटेत भेटला तर विचारतो, "आता आराम हाय का?" म्हणजे बरं वाटतंय का. एकाच शब्दाच्या या दोन बाजू आम्हाला कधी अडचणीच्या वाटल्या नाहीत. कुठली बाजू कधीची, हे लहान पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे त्यात मला नीट समजलं नव्हतं, अशी सबब मला सांगता येत नाही.

मी तेव्हा चौदा वर्षांची, नववीत. आम्ही लासूर स्टेशनला राहत होतो. कापसाचे दिवस होते. मार्केटच्या आवाराबाहेर भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागायची आणि शाळा सुटली की त्या ढिगांवर चढून उड्या मारणं हा आमचा उद्योग. लोक अजून म्हणतात, पोरगी ट्रॉलीवरून पडली. मी पडले नव्हते. मी उडी मारली होती आणि चांगली लांब मारली होती. फक्त खाली सांडलेला कापूस संपून जमीन सुरू होते तिथं डावा पाय आला. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. औरंगाबादला नेऊन जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. दोन महिन्यांनी ते कापलं तेव्हा आतून निघालेला पाय मला ओळखूच आला नाही. वाळका, सालपटं सुटलेला, आणि होता तसाच ताठ. "हाड जुळलंय," डॉक्टर म्हणाले, "आता गुडघा मोकळा करायला फिजिओथेरपी करा." आणि चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला.

फिजिओथेरपी हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. आई त्याला 'शेकायचा दवाखाना' म्हणायची. शेजारचे काका 'फिजूलथेरपी' म्हणाले आणि स्वतःच हसले. हा विनोद ते दर भेटीला करायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा, कारण बाकीच्यांना निदान उठून आत जाता येत होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते टपाल कचेरीत होते. त्यांच्या पहिल्या इयत्ता निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेल्या. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजाम गेला, शाळा मराठी झाली, पण हाताला लागलेली उर्दू गेली नाही. घाईत काही टिपायचं असलं की अण्णा उजवीकडून डावीकडं लिहीत सुटायचे. घरात ते अक्षर दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या मुसलमान बायका मात्र आपली पत्रं त्यांच्याकडूनच वाचून घ्यायच्या. त्यात अण्णांची एक खोड होती. पत्रात काही वाईट असलं की वाचताना ते आवाज न बदलता त्यात थोडं पाणी घालायचे. कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तर "तब्येत जरा नरम आहे" एवढंच वाचायचे. आई म्हणायची, "एक दिवस कुणीतरी धरंल तुम्हाला." ते म्हणायचे, "तवर माणूस सुखानं जेवतंय ना."

तर तो दवाखाना. औरंगाबाद स्टेशनजवळच्या एका गल्लीत, तळमजल्यावर, एक लांबट खोली, हिरव्या पडद्यांनी तीन भागांत कापलेली. भिंतीला लाकडी शिडी, एक जागच्या जागी फिरणारी सायकल, वाळूच्या पिशव्या. चालवणाऱ्या बाई मुसलमान होत्या, चाळिशीच्या, सलवार-कमीजवर पांढरा कोट घातलेल्या. सगळे पेशंट त्यांना बाजी म्हणत, म्हणजे मोठी बहीण. माझ्याशी मराठीत सुरुवात करायच्या आणि वाक्याच्या मध्यावर कधी दखनी उर्दूत जायच्या ते त्यांनाही कळत नसावं. पहिल्या दिवशी त्यांनी अण्णांना पडद्याबाहेर थांबवलं. मुलीचा पाय मांडीपर्यंत उघडा करायचा होता, त्यामुळे अण्णाही लगेच मागं सरले.

आधी गरम पिशव्यांनी शेकलं. मला वाटलं, आई म्हणते तसा हा शेकायचाच दवाखाना आहे, आता घरी जायचं. मग बाजींनी खिशातून एक कोनमापक काढलं. कंपासपेटीतलं असतं तसंच, पण मोठं आणि दोन लांब पट्ट्यांचं. ते माझ्या गुडघ्याला लावून, किती वाकतो ते बघून त्या म्हणाल्या, "पंचवीस." मग एक हात मांडीवर ठेवला, दुसरा नडगीवर, आणि दाबायला सुरुवात केली.

त्याचं वर्णन करायला मला अजूनही आवडत नाही. हाड मोडताना दुखलं त्यापेक्षा हे जास्त दुखलं. मोडणं क्षणात उरकलं होतं, आणि ही बाई शांतपणे, तोंडानं आकडे मोजत दुखवत होती. मी ओरडले. 'आई गं' वगैरे नाही, नुसतीच ओरडले. पलीकडच्या पडद्यात कुणी बोलत होतं ते थांबलं.

"रोना है तो रो बेटा," बाजी म्हणाल्या, "पण पाय नक्को आवळू."

थांबल्या तेव्हा गुडघा चाळीसवर आला होता. मग त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि हळू, स्पष्ट मराठीत सांगितलं. टाच अशी मागं ओढायची. पलंगाच्या कडेवर बसून पाय असा खाली सोडायचा. दिवसातून तीनदा. दुखलं तरी. "आराम होईपर्यंत थांबायचं नाही. थांबली तर गुडघा जाम होतो. समजलं?" मी म्हटलं, समजलं. मग त्या बाहेर गेल्या आणि तेच अण्णांना उर्दूत सांगितलं. मला आतून तुकडे ऐकू येत होते, "तीन बार", "आराम होने तक". मी लंगडत, भिंत धरून बाहेर आले तेव्हा अण्णा चिठ्ठीच्या मागं लिहीत होते, उजवीकडून डावीकडं. त्यांचं तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. दारातच नळ होता.

घरी आलो. आईनं विचारलं, काय म्हणाल्या बाई? अण्णांनी चष्मा लावला, कागद उघडला आणि वाचलं, "एक महिना आराम. मग दाखवायला आणा."

"कसरत-बिसरत काय नाय का?"

"आराम," अण्णा म्हणाले. "लिव्हलंय ना हितं."

मी पलंगावर होते. तोंड उघडलं. मला वाटलं, अण्णा बाहेर होते, गडबडीत शब्द भलत्या बाजूनं ऐकला, होतं असं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मांडीत ती कळ अजून होती, आणि दिवसातून तीनदा म्हणजे महिन्यातून नव्वद वेळा, हे गणित मी गाडीतच केलं होतं. मी तोंड मिटलं. आईनं गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. मी खोटं बोलले नाही, नुसती गप्प बसले, अशी मी माझी समजूत घातली आणि त्या रात्री गाढ झोपले.

पहिले आठ दिवस मजेत गेले, हे कबूल करते. दुखणं नाही, शाळा नाही, हातात जेवण. आई तर अशी काही माझ्या मागं लागली होती की मी कूस बदलली तरी धावत यायची. "बाईनं आराम सांगितलाय," हे वाक्य ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. माझी मावशी एकदा म्हणाली, जरा बाहेर ओट्यावर तरी बसव पोरीला. आई म्हणाली, "डाक्टरांपेक्षा तुला जास्त कळतंय का?"

नवव्या-दहाव्या दिवसापासून मला ती खोली खायला उठली. पलंग खिडकीशी होता, पण खिडकीपुढं दोन हातांवर शेजाऱ्यांची भिंत. तिच्यावर सकाळी थोडं ऊन यायचं, वरून खाली सरकायचं आणि जायचं. बाहेरचं जग मला फक्त ऐकू यायचं. सकाळची पॅसेंजर, मार्केटमधला लिलावाचा ओरडा, दुपारची शांतता, शाळा सुटल्याचा गलका. मैत्रिणी दोनदा वह्या घेऊन आल्या, मग परीक्षा जवळ आली आणि त्या आल्या नाहीत. आई मला मोरीपर्यंतही चालू देत नव्हती, भांड्यावर बसवायची. चौदाव्या वर्षी आईनं आपल्याला भांडं लावावं, यापरीस मरण बरं असं मला रोज वाटायचं. महिन्याचे ते चार दिवस तर मी तिच्याशी बोलायचीही नाही.

एका दुपारी आई पाण्याला गेली तेव्हा मी उशी काढून फेकली आणि बाजींनी दाखवली तशी टाच मागं ओढून बघितली. टाच हलली नाही. मी चादर दोन्ही हातांनी धरली, दात आवळले आणि पुन्हा ओढली. मांडी थरथरली, पण गुडघा तिथंच. चाळीसवर आणलेला गुडघा मी पडून पडून घालवला होता.

आता सांगावं तर, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हे सांगावं लागणार. आईला मी रात्रंदिवस फुकट राबवलं, हे सांगावं लागणार. आणि न सांगावं तर रोजच्या रोज गुडघा आणखी आवळणार. कुठूनही विचार करायला घेतला तरी मी त्याच पलंगावर परत यायची. त्या रागात मी एकदा शिऱ्याची वाटी भिंतीवर फेकली. आईनं भिंत पुसली आणि नवी वाटी भरून आणली. मला तिचा इतका राग आला की आजही आठवलं की लाज वाटते.

अण्णा कचेरीतून आले की दारात उभे राहून विचारायचे, "दुखतंय का?" मी नाही म्हणायची. "मग बरं," म्हणून ते पाय धुवायला जायचे. पलंगाजवळ ते येत नसत.

महिना संपला. बाजींनी कोनमापक लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"वीस," त्या म्हणाल्या. "महिनाभर क्या किया?"

मी वर पंख्याकडं बघत राहिले. त्यांनी अण्णांना आत बोलावलं. अण्णा पडद्यातून अर्धेच आत आले.

"भाईसाब, कसरत करवली नाही?"

"तुम्ही आराम सांगितला व्हता," अण्णा म्हणाले.

"मी आराम होईपर्यंत बोलली. कागज दाखवा."

अण्णांनी खिसा चाचपला. कागद वरच्याच खिशात होता, तरी त्यांना तो सापडायला वेळ लागला. बाजींना उर्दू वाचता येणार हे उघडच होतं. दोन ओळींचा मजकूर, पण त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी अण्णांकडं पाहिलं. कागदाची घडी घातली आणि परत दिली.

"माझीच चूक," त्या म्हणाल्या. "लफ्जच तसा हाय. मी साफ मराठीत बोलायला पाहिजे होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खोलीत खरं ठाऊक असलेली मी एकटी, असं मला वाटत होतं. जिची चूक नव्हती तिनं ती अंगावर घेतली, अण्णा खाली मान घालून उभे, आणि मी पंख्याची पाती मोजतेय. तेव्हाही मी बोलले नाही.

बाजींनी आम्हाला मुदत घातली. तीन आठवड्यांत गुडघा नव्वदवर यायला हवा. नव्वद म्हणजे खुर्चीवर नीट बसता येतं, जिना चढता येतो, एसटीच्या सीटवर पाय मावतो. नाही आला, तर मोठ्या डॉक्टरांकडं जावं लागेल. ते भूल देऊन जोरानं वाकवतात. "कधी वाकतो. कधी आत फाटतंय, कधी जुळलेलं हाड परत मोडतंय." आणि तेही जमलं नाही तर जन्मभर पाय पुढं काढून बसायचं. हे सगळं त्या अण्णांना नाही, मला सांगत होत्या.

मग एक दिवसाआड आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. डब्यात माझा पाय वाटेत आडवा. लोक ओलांडून जायचे, कुणी म्हणायचं, "पाय घे की पोरी," आणि अण्णा माझ्याआधी उत्तर द्यायचे, "घेता येत नाय तिला." रिक्षात पाय बाहेर निघायचा, तेव्हा अण्णा वाकून माझं पाऊल हातात धरून बसायचे. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत, सगळ्या रस्त्याला दिसत असताना. मला ते नको असायचं. त्यांनी मला रागवावं, असं वाटायचं.

घरी तर तमाशाच. आईला आता नवीन वाक्य मिळालं होतं. "एवढी उर्दू शिकले, पण एक आराम कळंना यांना." ती हे हसत सांगायची, भाजी निवडताना, नळावर, अण्णांच्या समोर. एक म्हातारी पत्र घेऊन आली होती, तिनं कागद पुढं करता करता थांबवला आणि विचारलं, "साहेब, आमच्या चिठ्ठ्या बी अशाच वाचता का हो?" सगळे हसले. अण्णाही हसले, आणि मग चष्मा पुसत बसले, कितीतरी वेळ. प्रत्येक टोमणा खरं तर माझ्या नावचा होता. मी पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत सोडून ते ऐकत असायची, आणि दर वेळी ठरवायची की आता सांगते.

गुडघा पस्तीसवर आला, मग पन्नास, मग साठ. साठवर थांबला. दोन आठवडे झाले होते, सातच दिवस उरले होते. बाजी म्हणाल्या, "मी एक दिवसाआड अर्धा घंटा. बाकीच्या टायमाला घरी कोण दाबतंय?"

कुणीच नाही. मी माझं जमेल तेवढं ओढायची. आईनं एकदा नडगीवर हात ठेवला होता, मी कण्हले तशी ती पदर तोंडाला लावून उठून गेली.

"भाईसाब, आत या," बाजींनी हाक मारली. या वेळी अण्णा पूर्ण आत आले. बाजींनी त्यांचा हात धरून माझ्या नडगीवर ठेवला. "असं. झटका नक्को. हळूहळू दाबायचं आणि तीस मोजेपर्यंत सोडायचं नाही. ती कितीबी वरडली तरी."

अण्णांनी हात काढून घेतला. "माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"मग कुणाच्यानं होणार?" बाजींनी विचारलं.

त्या दिवशी परतीची गाडी उशिरा होती. औरंगाबादच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसलो होतो, माझा पाय पुढं काढलेला, शेजारी अण्णा. त्यांनी शेंगा घेतल्या होत्या आणि एकेक फोडून माझ्या हातात देत होते. मी त्या खाल्ल्या नाहीत. मूठ भरली तेव्हा बोलले.

"अण्णा, मला माहीत व्हतं."

"काय?"

"बाजींनी मला सांगितलं व्हतं, बरं होईपर्यंत कसरत करायची. मला कळलं व्हतं. तुम्ही चुकीचं वाचलं तवा मी मुद्दाम गप बसले. दुखत व्हतं म्हणून."

ते शेंग फोडायचे थांबले. मला वाटलं आता हात उठेल. तसा त्यांनी माझ्यावर कधीच उचलला नव्हता, पण त्या क्षणी मला तो चालला असता.

"मी चुकीचं लिव्हलं नव्हतं," ते म्हणाले.

मला समजेना.

"बरोबर लिव्हलं व्हतं. तीन बार कसरत, आराम होने तक. घरी येऊन कागद उघडला, आन माझ्याच्यानं ते वाचवलं नाय. तू आत वरडत व्हतीस तवा मी नळाखाली डोकं घातलं व्हतं. म्हणलं, हे रोज तीनदा घरात ऐकायचं? म्हणलं, म्हैनाभर जाऊ दे, तवर हाड पक्कं व्हईल, मग दुखायचं नाय."

"आन बाजींनी कागद बघितला तवा?"

"त्यांनी वाचला की. तुझ्यासमोर माझी इज्जत ठिवली त्या बाईनं."

मला रडू यायला हवं होतं. राग आला. असा राग की हातातल्या शेंगा मी रुळांवर फेकून दिल्या. सहा आठवडे मी एकटीच चोर आहे असं समजून त्या पलंगावर कुजले होते. आणि अण्णा रोज संध्याकाळी दारात उभे राहून, दुखतंय का म्हणून विचारून जात होते. त्यांना माहीत होतं. आईचे टोमणे ऐकताना माहीत होतं. मला ओरडायचं होतं त्यांच्यावर, पण काय म्हणून ओरडणार? त्यांनी केलं तेच मी केलं होतं, आणि माझ्याकडं तर त्यांच्यापेक्षा हलकं कारण होतं. त्यांना माझं दुखणं बघवत नव्हतं. मला फक्त माझं सोसवत नव्हतं.

"तुझ्या आईला सांगू नगं," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीपण नका सांगू. गाडी आली. चढताना त्यांनी मला काखेत धरून वर घेतलं. आईला ते आम्ही कधीच सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत नवऱ्याच्या उर्दूला हसत राहिली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. सात दिवसांनी बाजींनी मोजलं तेव्हा ब्याण्णव भरले. मोठ्या डॉक्टरांकडं जावं लागलं नाही. वर्षभरात गुडघा एकशे दहापर्यंत गेला आणि तिथं थांबला तो थांबलाच. मला मांडी घालता येत नाही. पंगतीत मला खुर्ची लागते आणि शेजारची कुणी तरी विचारते, एवढ्यात वाताचा त्रास का गं? पण मला सांगायची होती ती त्या प्लॅटफॉर्मनंतरची सकाळ.

आई दळण घेऊन गिरणीत गेली होती. तिला अण्णांनीच पाठवलं. मी पलंगाच्या कडेवर बसले, पाय खाली सोडला. अण्णांनी हात धुतले, पंच्याला पुसले, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि तळवा नडगीवर ठेवला. हात गार होता. "दाबू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाबा.

ते मोजायला लागले, उर्दूत, लहानपणी शाळेत पाढे म्हटले असतील तशा सुरात. पाचपर्यंत नुसता ताण होता. दहाला कळ मांडीतून कमरेपर्यंत गेली. ओरड तोंडापर्यंत आली आणि मी ती परत आत ढकलली. शूरपणा नव्हता तो. मी ओरडले असते तर ते सोडणार, हे आता मला पक्कं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. ते वर बघत नव्हते. त्यांचं टक्कल तेवढं मला दिसत होतं, आणि कानशिलावरून ओघळणारा घाम. अठराला त्यांचा आवाज बारीक झाला. विसाला बंद पडला.

हात मात्र त्यांनी काढला नाही. पुढचे दहा मी मोजले.